मोरखीची कडी

आधीच सांगतो, मला या पानाबद्दल आदर नाही.

तीन वर्षं झाली, इथल्या भुतांच्या गोष्टी वाचतोय. रोज जेवण झाल्यावर, हसायला. वळणावर हात दाखवणारी बाई, उलट्या पावलांचा म्हातारा, आणि खाली दोनशे जणांचं 'बापरे, काटा आला'. माझ्या अंगावर कधी काटा आला नाही. मी शहाद्याला बारावीला फिजिक्स शिकवतो. तुमची भुतं मला कायम दहावी नापास वाटत आली.

आता मीच लिहितोय. हसून घ्या.

पण खाली लिहिलेलं सगळं खरं आहे. माझं नाव हेमकांत, तेही खरं. गावाचं नाव तेवढं सांगत नाही. सारंगखेड्यापासून चार किलोमीटरवर, तापीच्या काठाला, एवढं पुरे.

दिवस मंगळवार, सोळा एप्रिल २०२४. सकाळचे नऊ. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं, कुत्री रडत नव्हती. लख्ख ऊन होतं. त्या सकाळी मी आमची अँबेसिडर इंजिनच्या कामाला शहाद्याच्या एका गॅरेजमध्ये सोडली.

बस, एवढंच केलं मी.

गाडी वडिलांची. रतिलाल त्यांचं नाव, आम्ही बापू म्हणायचो. बापूंना सगळं आयुष्य घोड्यांचा नाद. सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी घोडे घ्यायचे, विकायचे. एका घोडीने त्यांच्या डाव्या करंगळीचं पेरच तोडलं होतं. तरी तिचं नाव निघालं की हा माणूस हसायचा. सत्त्याण्णव साली शेवटची घोडी विकली आणि ही पांढरी डिझेल गाडी घेतली.

आमच्याकडे जनावर विकताना एक रीत आहे. जनावर द्यायचं, मोरखी द्यायची नाही. मोरखी म्हणजे त्याच्या तोंडाला बांधलेला दोर. घेणाऱ्याने आपला दोर आणायचा. दोर दिला की जनावराबरोबर घरातलं माणूसही जातं, असं म्हातारे सांगायचे.

बापूंनी त्या शेवटच्या घोडीच्या मोरखीची लोखंडी कडी ठेवून घेतली. गाडीची किल्ली तिच्यात अडकवली. पुढची पंचवीस वर्षं गाडी सर्व्हिसिंगला गेली की ते कडीतून किल्ली काढायचे, किल्ली मिस्त्रीला द्यायचे आणि कडी खिशात घालून एसटीने घरी यायचे.

मला लाज वाटायची. गाडीला घोडी समजणारा माणूस माझा बाप होता.

गाडीवर माझाही जीव होता, नाही असं नाही. त्यांच्या मांडीवर बसून मी स्टेअरिंग धरायला शिकलो. डिझेल गाडीला सुरू करण्याआधी हिटर द्यावा लागतो. किल्ली अर्धी फिरवायची, थोडं थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. बापू ते थांबणं मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, असं अकरापर्यंत. दहाला नाही, बाराला नाही. अकरा म्हटलं की गाडी सुरू.

२०२२ च्या फेब्रुवारीत बापू गेले.

त्यानंतर महिन्याभराने मायचं सुरू झालं.

माझी माय, मंगलाबाई. वय एकाहत्तर. संध्याकाळी साडेसहाला ती अंगणात जायची आणि उभ्या गाडीत, डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसायची. अर्धा तास. काच खाली, पदर डोक्यावर, मांडीवर हात. मधेच काहीतरी बोलायची. मधेच हसायची सुद्धा. सात वाजले की उतरायची, दार लावायची आणि पोटभर जेवायची.

मी एकदा विचारलं, "माय, काय करस तू गाडीमा?"

ती सहज म्हणाली, "त्या बशेल शेतस ना."

म्हणजे, ते बसलेले आहेत ना.

मी माझ्या बायकोला, दामिनीला म्हटलं, मायचं डोकं उतरणीला लागलं. दामिनी म्हणाली, "असू द्या की. त्या अर्ध्या तासावर त्यांचा दिवस निघतो." ते मात्र खरं होतं. सकाळपासून गप्प असलेली बाई साडेसहाच्या ओढीने चार वाजताच वेणीफणी करायची.

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही.

रोज साडेसहाला, माय अंगणात पोचायच्या आधी... गाडीचं दार लागल्याचा आवाज यायचा.

धप्.

उजव्या बाजूचं दार. ड्रायव्हरचं.

पायरीवर झोपलेलं आमचं कुत्रं उठून शेपूट हलवायचं. माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी आकसतो, त्याचा आवाज. कुत्र्याला आवाजाची सवय झाली. प्रश्न मिटला. असे प्रश्न मी वर्गात पाच मिनिटांत मिटवतो.

तर, गाडी धूर मारायला लागली. ऑइल खायला लागली. चढावर दम टाकायची. इंजिन खोलल्याशिवाय इलाज नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मायला सांगितलं. ती म्हणाली, "गाडी जाऊ दे. कडी काढी ले. कडी घरमा ऱ्हाऊ दे."

"बरं."

"नक्की?"

"हो म्हटलं ना, माय."

मंगळवारी गॅरेजमध्ये पोचलो. मिस्त्रीचं नाव जामसिंग. धडगावकडचा, डोंगरातला माणूस. पन्नाशीचा, कमी बोलणारा. हात चांगला आहे असं सगळे म्हणायचे, म्हणून गेलो, नाहीतर या माणसाला इंजिनातलं काय कळणार असंच माझं मत होतं. ते मी चेहऱ्यावरही ठेवलं असेल. मी काही लपवत नाही.

त्याने हात पुढे केला. मी किल्ली काढायला लागलो.

कडी गंजलेली. किल्ली निघेना. नख लावलं, नख दुखलं. चार गिऱ्हाईकं बघत होती. त्यात माझा एक जुना विद्यार्थी. मला एकदम वाटलं, मी हे काय करतोय? फिजिक्सचा मास्तर भर रस्त्यात घोडीच्या कडीशी झटापट करतोय. बापूंचा पोरगा शोभतोय अगदी.

कडीसकट किल्ली जामसिंगच्या हातावर टाकली.

तो कडीकडे बघत राहिला. "सर, ही मोरखीची दिसते. ही देत नाहीत."

"इंजिन दुरुस्तीला सोडतोय रे बाबा, बाजारात विकत नाही. तू पाने-स्पॅनर सांभाळ."

मी एसटीने घरी आलो.

त्या संध्याकाळी साडेसहाला मी ओट्यावर पेपर तपासत होतो.

आवाज आला नाही.

गाडीच नाही तर आवाज कुठून येणार. सरळ आहे. पण कुत्रं उठलं. गाडीच्या मोकळ्या जागेपर्यंत गेलं, जमीन हुंगली, आणि फाटकाकडे तोंड करून उभं राहिलं. अंगण भलतंच शांत वाटत होतं. घरातलं घड्याळ बंद पडल्यावर वाटतं तसं.

माय बाहेर आली. उभी राहिली.

"कडी दे," ती म्हणाली.

मी सांगितलं, कडी निघाली नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. आत गेली आणि न जेवता पडून राहिली.

बुधवारी अर्धी भाकरी. गुरुवारी नुसता चहा. दामिनी माझ्यावर उखडली, "अहो, एक कडी आणायची आहे. शहाद्याला रोज जाता ना तुम्ही?"

मी म्हटलं, "आज कडी आणली की उद्या माय घोडी मागेल."

ती म्हणाली, "तुमच्या अंगात तुमच्या डिग्रीचं वारं आलंय." आमच्याकडे ज्यांच्या अंगात वारं येतं त्यांना मी कायम हसत आलोय, म्हणून ते जास्त लागलं.

शुक्रवारी जामसिंगचा फोन आला.

"सर, तुमच्या घरचे कोणी बाबा शहाद्यात राहतात का?"

"नाही. का?"

"रोज संध्याकाळी गाडीत येऊन बसतात. पांढरी टोपी आहे. बोलत नाहीत कोणाशी."

"दारुडा असेल. हाकलून दे."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सर... त्यांच्या डाव्या करंगळीला पेर नाही."

मी फोन ठेवला. स्वतःच्या करंगळीकडे एकदा पाहिलं, हे कबूल करतो. मग लगेच उत्तर सापडलं. बापू पंचवीस वर्षं गाडी घेऊन शहाद्यात हिंडले. त्यांची करंगळी अर्ध्या तालुक्याने पाहिलेली. या मिस्त्रीने कुठेतरी ऐकलं आणि मास्तरची गंमत करतोय. चांगलाच राग आला मला.

शनिवारी संध्याकाळी सहाला गॅरेजवर जाऊन थडकलो.

गाडी एका कडेला उभी. बॉनेट काढलेलं. आत जिथे इंजिन असतं तिथे नुसता खड्डा, खालची ऑइलने काळी झालेली फरशी दिसत होती. बॅटरी काढून भिंतीशी ठेवलेली. इंजिन बाजूला लाकडी ओंडक्यांवर. आणि त्या इंजिनाला तारेने बांधलेली आमची कडी.

"ही इथे कशाला?"

"एकसारखी दोन इंजिनं आली आहेत, सर. अदलाबदल नको म्हणून ज्याचं इंजिन त्याच्या किल्लीची कडी बांधून ठेवतो. किल्ली माझ्या खिशात आहे. कडीला काप देऊन सोडवावी लागली." मग म्हणाला, "तुमचा ब्लॉक तडकलाय. काम होणार नाही. दुसरं इंजिन टाकावं लागेल."

"टाक."

"जुनं घेऊन जाता?"

"काय करू त्याचं? देव्हाऱ्यात मांडू? भंगारात घाल."

हे मी बोललो. याच शब्दांत.

जामसिंगने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा होत आले होते. त्याची माणसं हात धुवायला गेली, मागच्या बाजूला. मी मनातल्या मनात त्यांना दाद दिली, नाटक बरं बसवलंय.

आणि...

धप्.

उजवं दार.

मी गाडीपासून सहा-सात हातांवर होतो. दार बंदच होतं. उघडलेलं मी पाहिलं नाही. कोणी बसलेलं मला दिसलं नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण ड्रायव्हरची सीट... हळूच खाली दबली. स्प्रिंग कुरकुरलं. माणूस नीट बसताना थोडा सरकतो, तशी पुन्हा एकदा.

मग...

टक्.

किल्ली अर्धी फिरवल्याचा आवाज. किल्ली जामसिंगच्या खिशात होती. त्याने न बोलता ती काढून मला दाखवली.

मग मोजणं सुरू झालं.

एक. दोन. तीन.

आवाज मोठा नव्हता. थोडा घोगरा, सहा म्हणताना किंचित ओढलेला. तो सहा मी पंचवीस वर्षं ऐकलाय.

नऊ. दहा. अकरा.

आणि पुढे काहीच नाही.

इंजिनच नव्हतं. सुरू काय होणार?

थोडा वेळ गेला. मग पुन्हा... टक्.

एक. दोन. तीन.

पुन्हा अकरा. पुन्हा शांतता. पुन्हा एक.

म्हातारा माणूस घरी जायला निघालाय, उशीर होतोय, गाडी सुरू होत नाहीये, आणि का होत नाहीये हे त्याला कोणी सांगत नाहीये. त्या गॅरेजमध्ये मला नेमकं हेच वाटलं.

आणि मी काय केलं?

"मोबाईलवर कोणी रेकॉर्डिंग लावलंय ते बंद करा," मी म्हणालो.

जामसिंगने पक्कड उचलली. "कडी सोडून देतो, सर. घरी घेऊन जा. मी मागितली नव्हती ती."

एक मिनिटाचं काम होतं. तार कापायची, कडी खिशात घालायची, एसटी पकडायची. बापूंनी पंचवीस वर्षं केलं तसं. पण मागच्या बाजूला त्याची माणसं हात पुसत माझ्याकडे बघत होती. कडी घेतली असती तर उद्या सगळ्या शहाद्यात झालं असतं, मास्तर घाबरला, मास्तरने कडी नेली. डोंगरातला एक मिस्त्री मला शिकवून गेला असता.

"राहू दे," मी म्हणालो. "गाडीबरोबरच दे."

आणि वळलो. मागे चौथ्यांदा मोजणं सुरू झालं होतं. रस्त्यावर येईपर्यंत मला सातपर्यंत ऐकू आलं.

घरी माय म्हणाली, "माले गाडीकडे ली चाल."

मी म्हटलं, गॅरेज ही बायकांनी बसायची जागा नाही.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी, गाडी तयार झाली. दुपारी घ्यायला गेलो. इंजिन असं गोड चालत होतं की काय सांगू. पहिल्या फटक्यात सुरू, अकरा सोडा, तीनही मोजावे लागले नाहीत. जामसिंगने नुसती किल्ली हातावर ठेवली.

"कडी?"

त्याने मान खाली घातली. त्याची मान खाली गेलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"मी काल शिरपूरला गेलो होतो, सर. मागे भंगारचा टेम्पो येऊन गेला. पोरांनी इंजिन दिलं. कडी तारेनं बांधलेली तशीच गेली."

तो पुढे म्हणाला, "काल संध्याकाळी बाबा आले नाहीत. मी विचारलं पोरांना. ते म्हणाले, बाबा दुपारीच टेम्पोत बसून गेले. इंजिनापाशी, मागे. त्यांना वाटलं ओळखीच्या माणसाबरोबर जाताहेत."

मी गाडी घरी आणली.

मायने ऐकलं होतं, गाडी येणार. वेणी घातली होती. नवं लुगडं नेसली होती. दामिनीने सांगितलं, दुपारी बारा दिवसांत पहिल्यांदा पोळी मागून खाल्ली. साडेसहाला ती अंगणात आली. कुत्रं पायरीवर डोकं टेकून पडून होतं. उठलं नाही.

उजव्या दाराचा आवाज आला नाही. पत्रा तर दिवसभर तापला होता.

माय डाव्या सीटवर बसली. पदर सारखा केला. मांडीवर हात ठेवले. मी ओट्यावरून बघत होतो, आणि मनातल्या मनात, सांगायला लाज वाटते, मी मोजत होतो. एक, दोन, तीन.

तिने हात लांब केला. शेजारच्या सीटवर फिरवला. बाळ झोपलंय का बघताना फिरवतात तसा.

मग उतरली. दार लावलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हाई गाडी रिकामी शे," ती म्हणाली.

मी खाली बघत राहिलो.

"तुन्हा बापले कोठे सोडी उना तू, हेमू?"

बापाला कुठे सोडून आलो, ते मला माहीत नव्हतं. अजून नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागलो. शहाद्याच्या भंगारवाल्याने माल नंदुरबारला दिलेला. नंदुरबारच्या माणसाने ट्रकमध्ये भरून गुजरातेत पाठवलेला. नवापूरच्या पुढे तीन ठिकाणी फिरलो. जामसिंग स्वतःहून बरोबर आला, काम बंद ठेवून, दोनदा. शेवटच्या ठिकाणी एका माणसाने भट्टीकडे बोट दाखवलं. तो लॉट वितळला म्हणाला. त्याची सळई झाली.

"सळई कुठे गेली?"

तो हसला. मी लोकांच्या प्रश्नांना हसतो तसंच. "साहेब, सळई कुठे जाते? कोणाच्या कॉलममध्ये, कोणाच्या स्लॅबमध्ये. इकडे पण जाते, तुमच्याकडे पण येते."

माय आहे. अर्धी भाकरी खाते, कधी तीही नाही. चाळीस किलोचीही राहिली नाही. गाडीत आता बसत नाही. साडेसहाला फाटकाशी उभी राहते आणि सात वाजता मला एकच विचारते, "सापडनात का?"

"नही, माय. धुंडी ऱ्हायनू."

मी आता घड्याळ बघत नाही. साडेसहाला मला आपोआप कळतं. कॉलेजात नवीन इमारत चालली आहे, तिच्या अर्धवट खांबांपाशी जाऊन मी कान लावतो. शिपाई बघतो. विद्यार्थी बघतात. बघू देत. आतापर्यंत काही ऐकू आलं नाही.

तर मी या पानावर का आलो ते आता कळलं असेल. या जगात असली गोष्ट ऐकून घेणारी माणसं मला फक्त इथेच माहीत आहेत. तीन वर्षं ज्यांना हसलो तीच.

एवढंच सांगा. एप्रिल २०२४ नंतर तुमच्याकडे नवं बांधकाम झालंय का? घर, दुकान, शाळेची खोली, गुरांचा गोठा, काहीही. तिथे संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला भिंतीपाशी कोणी मोजतं का? एक ते अकरा. सहा जरा ओढून. मग थोडं थांबून... पुन्हा एक.

ऐकू आलं तर घाबरू नका. मांत्रिक आणू नका, लिंबू कापू नका. तो माणूस कोणाला त्रास देणार नाही, त्याला फक्त घरी यायचं आहे.

खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. रात्र असो, दिवस असो, मी मायला घेऊन येतो. ती काही मागणार नाही तुमच्याकडे. त्या भिंतीशी अर्धा तास बसेल फक्त.